पाटीमागची बोटं

जानेफळात दयारामनं जन्मभर लोकांच्या पाट्या-वरवंट्यांना टाकी लावली. घरोघर मिक्सर आले, तो धंदा बसला, तेव्हा कुठे विहार समितीला त्याच्या हातातली कला आठवली. दगडाचा बुद्ध घडव, म्हणाले. सहा महिने तो त्या काळ्या दगडापुढून हलला नाही.

मूर्तीचा उजवा हात त्यानं गुडघ्यावरून खाली सोडला आणि बोटं थेट भूमीला टेकवली. ज्ञान झालं तेव्हा बुद्धानं साक्षीला बोलावलं ते भूमीलाच, कुठल्या राजाला नाही. बोटं कुणासारखी काढायची, हा प्रश्नच नव्हता. शेजारच्या जनकाबाईचा जन्म शेतात निंदण-खुरपणीत गेला होता. तिचा हात मातीवर ठेवायला लावून त्यानं एकेक पेर दगडात उतरवलं. "मावशी, तुमचा हात विहारात बसनार हाय," तो म्हणाला. म्हातारीनं ते गावभर सांगितलं.

मग देवानंदसाहेब आले. शहरात नोकरी करून निवृत्त झालेले, विहाराचे सगळ्यात मोठे दाते. मूर्तीखालच्या बैठकीच्या दर्शनी बाजूला त्यांच्या वडिलांच्या नावाची ग्रॅनाइटची पाटी बसायची होती, आणि नेमकी बोटं आडवी येत होती.

"पाटी बाजूले लावा ना, साहेब," दयाराम म्हणाला.

"बाजूले कोन पाह्यते? बोटं काढून टाक. हात गुडघ्यावर असला तरी बुद्धच दिसते."

"त्या बोटांतच तं सारं हाय, साहेब. भूमी साक्षीदार हाय."

"तुले जमत नसन तं मेहकरहून ग्राइंडरवाला बलावतो."

समितीतले लोक पाटीची मापं घ्यायला लागले. ग्राइंडरवाला मनगटापासून उडवील, असं मनाला समजावत दयारामनं स्वतःच टाकी उचलली. समजावणं कसलं, शेपूट घातली त्यानं.

लोकार्पणाला शिल्पकार म्हणून त्याला शाल मिळाली. त्यानं ती घेतली. टाळ्या वाजत होत्या आणि त्याला स्वतःचीच किळस येत होती.

गर्दी ओसरल्यावर जनकाबाई आली. डोळे अधू, म्हणून तिनं चाचपून पाहिलं. गुडघा लागला, मनगट लागलं, आणि खाली गार, गुळगुळीत पाटी.

"दयाराम, माही बोटं कुठी गेली रे?"

खरं सांगायची त्याची छाती झाली नाही.

"पाटीमागं हायेत, मावशी. जपून ठेवली."

म्हातारीला ते पटलं. तेव्हापासून ती रोज सकाळी विहारात येते आणि आधी त्या पाटीवर डोकं टेकवते. देवानंदसाहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगतात, "आमच्या बाबांवर बुढीची श्रद्धा पाहा."