बाकावरचे तीन तास

मित्रांनो, पोलीस ठाण्याचं दार ढकलून आत आलात की डाव्या हाताला, भिंतीला पाठ लावून उभा असलेला एक जुना बाक दिसेल. तोच मी. माझा एक पाय आखूड आहे, म्हणून त्याच्याखाली पुठ्ठ्याची घडी सारलेली आहे. तिच्याकडे बघून हसू नका, मी आधीच चिडलेलो आहे.

माझा जन्म तुरुंगातल्या सुतारकामाच्या कारखान्यात झाला. ज्या कैद्याने मला रंधा मारला, त्याचा हात इतका सफाईदार होता की तीस वर्षांत कुणालाही माझी कूस टोचली नाही. ठाण्यात आलो तेव्हा माझा थाट काय वर्णावा! सायकल हरवलेले, शेजाऱ्याशी भांडलेले, रडून डोळे सुजलेले, सगळे आधी माझ्यावरच टेकायचे. नवे साहेब आले की हाताने दाबून बघायचे आणि म्हणायचे, "बाक मजबूत आहे हो!" एवढं कौतुक मला वर्षभर पुरायचं.

मग ते टोकनचं मशीन आलं. लावलं कुठे, तर नेमकं माझ्यासमोरच्या भिंतीवर. चिठ्ठी काय काढायचं, लाल आकडा काय दाखवायचं, मंजुळ आवाजात नंबर काय पुकारायचं! हवालदार त्याला रोज सकाळी मऊ फडक्याने पुसायचे आणि आपलं हेल्मेट मात्र आणून माझ्यावर आदळायचे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

विभागातल्या सगळ्या पोलीस ठाण्यांच्या कामाचं दर वर्षी मूल्यमापन होतं आणि पहिल्या ठाण्याला ढाल मिळते. लोकांना किती वेळ थांबावं लागतं, हे आता मशीन सांगणार होतं. टोकन निघाल्यापासून नंबर पुकारेपर्यंतचा वेळ ते बरोबर मोजायचं. यावर हवालदारांनी डोकं लढवलं. मशीनपुढे आपलं टेबल सरकवलं आणि टोकन स्वतःच्या हाताने द्यायला सुरुवात केली. आलेल्या माणसाला म्हणायचे, "बसा तिकडे, टोकन देतो." हातातलं काम संपत आलं की मगच बटण दाबायचे. माणूस दोन तास माझ्यावर बसलेला असायचा आणि मशीनच्या लेखी तो थांबला चार मिनिटं!

साहेब भलते खूश. "या मशीनने आपल्या ठाण्याचं नाव काढलं," म्हणायचे. नाव काढलं म्हणे! आणि ती ताटकळलेली माणसं कुणी सांभाळली? त्याने?

तपासणीच्या दिवशी सकाळी साडेआठला एक शिंपी धापा टाकत आला. मापाची टेप तशीच गळ्यात होती.

"साहेब, माझी आई घरातून निघून गेलीय. तिला काही आठवत नाही हो, घरचा पत्तासुद्धा नाही."

"बसा, टोकन देतो," हवालदार म्हणाले. ते तपासणीच्या फायली लावण्यात गुंतले होते.

शिंपी बसला. तासाभराने उठून टेबलापाशी गेला, तसाच परत आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. आणि खरं सांगू का मित्रांनो, मला आनंद होत होता. मी मनात म्हणत होतो, बस बाबा, अजून थोडा बस. येणाऱ्या पाहुण्यांना दिसू दे हे मशीन किती खोटारडं आहे ते. तो घडीघडी दाराकडे बघत होता, ते मला दिसत होतं. तरी मला मशीनचीच पडली होती.

साडेअकराला मुख्यालयातून तपासणीच्या बाई आल्या. साहेबांनी त्यांना थेट मशीनसमोर नेलं. "सरासरी चार मिनिटं, मॅडम. विभागात सगळ्यात कमी!" बाईंनी ते लिहून घेतलं. माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मग बाईंच्या बुटाची नाडी सुटली, म्हणून त्या माझ्यावर टेकल्या. शेजारच्या शिंप्याला त्यांनी सहज विचारलं, "तुमचा नंबर कितवा?"

"अजून मिळाला नाही, बाई."

"आलात कधी?"

"साडेआठला. आई हरवलीय माझी."

बाई नाडी तशीच सोडून उठल्या. "आधी वायरलेसवर ह्यांच्या आईचं वर्णन द्या. आत्ताच्या आत्ता! तपासणी नंतर बघू."

वीस मिनिटांत शोध लागला. म्हातारी ठाण्यापासून दोनच चौक पुढे, एका बंद दुकानाच्या पायरीवर उन्हात बसलेली होती. शिपायांनी तिला आणून माझ्यावर बसवलं. ओठ सुकलेले, अनवाणी पायांना फोड आलेले. शिंप्याने तिचे पाय आपल्या मांडीवर घेतले.

"कुठे होतास रे? मी केव्हाची वाट बघतेय," ती म्हणाली.

"इथेच होतो, आई," शिंपी म्हणाला. "बसलो होतो."

हवालदारांना मान वर करवेना. बाईंनी चार मिनिटांवर काट मारून तीन तास लिहिले. ढाल दुसऱ्या ठाण्याला गेली. मशीनची चांगली जिरली, पण मला ते गोड लागेना. त्याला बिचाऱ्याला तर बटण दाबल्यावरच जाग यायची. मी मात्र सगळं कळत असून एका माणसाला बसवून ठेवण्यात खूश होतो.

आता टोकन दारातच मिळतं. मशीनला मऊ फडकंही मिळतं आणि ते बघून माझ्या पोटात दुखतं, खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी पोलीस झालं आणि असा कुणी घाबराघुबरा होऊन दारात आला, तर त्याला माझ्यापर्यंत येऊच देऊ नका. मी रिकामा राहीन, माझ्यावर धूळ चढेल. चालेल मला.