मशीनचा दोष

"मशीनवाले, शर्ट वर करायच्या आधी पडदा तरी ओढा," दवाखान्यातल्या मावशी म्हणाल्या. "बाहेर पेशंट बसलेत. फुकटचा खेळ नको."

तो हसला. पडदा ओढून टेबलावर आडवा झाला आणि बरगडीखाली गार जेल पिळलं.

दुरुस्त केलेली सोनोग्राफी मशीन स्वतःच्या पोटावर तपासायची, ही त्याची बावीस वर्षांची पद्धत. कंपनीने चाचणीसाठी दिलेला रबरी ठोकळा गाडीच्या डिकीत धूळ खात पडला होता. स्वतःचं यकृत त्याला घरच्या रस्त्यासारखं पाठ होतं. बायको म्हणायची, "लोकांचं हातावर पोट असतं, आमच्या ह्यांचं पोटावर पोट आहे."

आजचं काम तातडीचं होतं. चित्रात उभा काळा पट्टा येत होता आणि साडेअकराला एका बाईंच्या यकृतातल्या गाठीत सुई घालून तुकडा काढायचा होता. गाठ कॅन्सरची आहे का, हे त्यावरून ठरणार होतं. सुई कुठवर पोचली ते डॉक्टरांना याच मशीनवर दिसतं. बाईंच्या यजमानांनी त्याला सकाळीच दारात गाठलं होतं. "मशीन बिघडलीय म्हणे. मग आमच्या हिचा आधीचा रिपोर्टही चुकलाच असेल की?"

"बघतो ना, काका," एवढंच तो म्हणाला होता.

पोटावर फिरवायच्या प्रोबची केबल त्याने बदलली होती. पट्टा गेला होता. चित्र स्वच्छ होतं, आणि त्या स्वच्छ चित्रात उजवीकडे नाण्याएवढा एक काळसर गोल होता.

"झालं ना?" मावशींनी विचारलं.

"एक डाग राहिलाय."

त्याने कपाटातला दुसरा प्रोब लावला. गोल तिथेच. मग त्याने खोल श्वास घेतला. मशीनचा दोष पडद्यावर जागचा हलत नाही. यकृत खाली सरकलं, गोल त्याच्याबरोबर खाली गेला. श्वास सोडला, वर आला. त्याने पुन्हा श्वास घेतला. पुन्हा सोडला.

दोन महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका दवाखान्यात त्याला हाच डाग दिसला होता, शर्टाच्या बटणाएवढा. तेव्हा असा श्वास घेऊन-सोडून बघायची तसदी त्याने घेतली नव्हती. प्रोब खराब ठरवून वर्कशॉपला पाठवला. आठवड्याने तो चिठ्ठीसकट परत आला: दोष आढळला नाही. "डोळे तपासून घ्या रे आधी!" असं तो फोनवर त्यांच्यावर खेकसला होता.

दार उघडून डॉक्टर मॅडम आत आल्या. "किती वेळ? सुई घालायचीय मला, अंदाजपंचे चालणार नाही. बरोबर दाखवतेय ना?"

तो घाईने उठून बसला. प्रोब पोटावरून उचलताच चित्र गेलं होतं. मशीनचा पडदा काळा होता. 'नाही' म्हटलं असतं तर मशीन आजच्यापुरती बंद राहिली असती. बाहेरच्या काकांना एक दिवस मिळाला असता. त्यालाही.

"बरोबर दाखवतेय, मॅडम."

"नक्की?"

"नक्की. स्वतःवर बघितलंय."

कागदावर त्याने 'केबल बदलली, आता दोष नाही' असं लिहिलं आणि सही केली. बोटाला जेल होतं. सहीवर पेन दोनदा घसरलं.

तो बाहेर आला तेव्हा बाईंना आत घेत होते. काका उठून उभे राहिले. "काय, निघाला का दोष?"

"केबलचा होता, काका. काढला."

"मग गाठीचं काय?"

"ते मॅडम बघतील."

काका हळूच खाली बसले. तो मात्र जिन्याकडे गेला नाही. बॅग भिंतीला टेकवून मावशींच्या नोंदणीच्या टेबलाशी थांबला.

"काय विसरलात, मशीनवाले?" मावशींनी विचारलं.

"माझा नंबर लावा. शेवटचा असला तरी चालेल."

"तुमचा? अहो, आत्ताच तर अर्धा तास बघत होतात स्वतःला!" मावशी हसल्या. तो हसला नाही. मावशींची नजर त्याच्या शर्टावर आलेल्या ओल्या डागावर गेली. पुढे काही न विचारता त्यांनी वहीत शेवटच्या ओळीत लिहून घेतलं.

सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या. काकांनी शेजारच्या खुर्चीवरची बायकोची पर्स उचलून मांडीवर घेतली आणि त्याला जागा करून दिली.