दोरावरचा पाय

बोट धक्क्यावरून सुटली तेव्हा नुकतं उजाडत होतं आणि इफी आपल्या पायांकडे बघत होती. पाय जागेवर होते. बघितल्याशिवाय तिला ते कळत नसे.

मागच्या शरदात आतड्याच्या कॅन्सरसाठी तिला केमोचं शेवटचं सलाईन लागलं आणि सगळं बंदर धरून चाललं की इफी बरी झाली. गाठ गेली होतीच. पण त्या औषधाने तळपायांच्या नसा दुखावल्या होत्या. औषध थांबल्यावरही बधिरपणा उतरला नाही, उलट हिवाळ्यात घोट्यापर्यंत चढला. शहरातल्या हॉस्पिटलमधली नर्स दर खेपेला विचारायची, "पायांना मुंग्या? बधिरपणा?" इफी दर खेपेला म्हणायची, "तसं काही वाईट नाही."

केप ब्रेटन बेटाच्या या किनाऱ्यावर हे उत्तर कशालाही चालतं. तिच्या सासऱ्यांनी तुटलेल्या फासळ्यांनिशी हेच सांगितलं होतं. नर्स परगावची, तिने ते जसंच्या तसं खरं मानलं. इफीनेही ते दुरुस्त केलं नाही. खरं सांगितलं तर औषधाचं प्रमाण कमी करतील, ही तेव्हाची भीती. मे जवळ आला तशी दुसरी भीती आली: बोटीवर घेणार नाहीत.

गेला हंगाम तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिला होता. एवढं सगळं सोसून तुला जगायचं तरी कशासाठी, असं कुणी विचारलं असतं तर तिने हीच सकाळ दाखवली असती.

सापळे टाकायचा पहिला दिवस. शेवंडांचा, म्हणजे लॉबस्टरचा, हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा, आणि समुद्रातला प्रत्येक घराचा पट्टा ठरलेला. कागदावर नव्हे, रिवाजाने. पहिल्या सकाळी तिथे आपले सापळे पडले नाहीत तर शेजाऱ्याचे पडतात.

रॉरी, तिचा नवरा, सुकाणूच्या चाकावर होता. त्याचा धाकटा भाऊ लॉकी जड सापळे उचलून मागच्या कडेवर ठेवत होता आणि इफी ते पाण्यात ढकलत होती. एका दोराला ओळीने सहा सापळे. एक बुडाला की दोर सरसरत सुटायचा आणि पुढच्याला ओढायचा. दोर सुटत असताना पाय उचलायचा नाही, घासत न्यायचा. बुटाखाली दोर लागला की बाजूला व्हायचं. लहानपणापासूनची शिकवण. बुटाखाली काही लागतच नसेल तर काय करायचं, ते कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून ती बघत होती. सापळा, पाय. सापळा, पाय.

"सारखं खाली काय बघतेस गं?" लॉकी ओरडला. "नवे बूट दाखवायचेत का?"

"तुझ्या तोंडापेक्षा बरे दिसतात."

"चेष्टा नको. मागे पडतोय आपण. मॅक्लीनांची बोट बघ, आलीच पट्ट्याला खेटून."

तिने मान वर केली. शेजारच्या पट्ट्याच्या मॅक्लीनांची बोट खरंच जवळ आली होती. तिने सापळा ढकलला, लगेच पुढच्याला हात घातला, आणि त्या एका सापळ्यापुरतं खाली बघायचं राहिलं.

दोर थांबला. सुटायचा तो ताठ झाला आणि करकरला.

"पाय!" लॉकी वाकला. "इफी, पाय काढ!"

कुठला? तिने डावा उचलला. दोर तसाच. मग उजवा उचलला, आणि बुटाखाली अडकलेली सगळी ओढ एकदम मोकळी झाली. दोर उसळून आडवा फिरला आणि त्याचा वेढा लॉकीच्या घोट्यावर बसला. लॉकी पाठीवर आपटला. कडेकडे घसरताना त्याने एका सापळ्याला मिठी मारली, तर सापळाही त्याच्याबरोबर घसरायला लागला.

"रॉरी! थांबव!"

इंजिनाचा आवाज पडला, पण बोट वेगात होती आणि बुडणारे सापळे खाली ओढतच होते. कठड्याला खोचलेली सुरी इफीने उपसली, दोरावर पडली आणि घासत राहिली. एक पीळ तुटला, मग दुसरा. लॉकीचा बूट कडेबाहेर गेला होता. तिसरा पीळ आपोआप तुटला.

लॉकी कडेवरच थांबला. रॉरी धावत मागे आला.

"काय झालं?"

"दोर माझ्या पायाखाली होता," इफी म्हणाली.

"मग सरकायचं नाही का?"

"कळलं नाही."

"म्हणजे? पायाखालचा दोर कळत नाही?"

"नाही कळत. मला पायच कळत नाहीत, रॉरी."

"कधीपासून?"

"मागच्या उन्हाळ्यापासून."

रॉरी तिच्या बुटांकडे बघत राहिला. "एका पलंगावर झोपतो आपण," तो शेवटी म्हणाला.

"मी विचारलं होतं तुला." लॉकी घोटा दाबत उठून बसला. "धक्क्यावर, आज सकाळी. तर म्हणे, तसं काही वाईट नाही. मेलो असतो ना मी!"

"हो," इफी म्हणाली. "मेला असतास."

"घरी सोडतो तुला," रॉरी म्हणाला.

"आणि हे?" अर्धे सापळे अजून बोटीवरच रचलेले होते. मॅक्लीनांची बोट वळून परत येत होती. "मागच्या कामाला मी नाही, हे कबूल. चाक मला दे. तू मागे ये."

"पहिल्या दिवशी चाक सोडत नाहीत. माझ्या बापाने कधी सोडलं नाही."

"त्यांच्या मागे दोन धड माणसं होती. तुझ्या मागे मिळून एक होईल की नाही शंका आहे."

"अर्धा मी का?" लॉकी पुटपुटला, पण कठड्याला धरून उभा राहिला. घोट्यावर भार दिला, तोंड वाकडं केलं आणि मान हलवली. चालेल.

रॉरीने तोंडावरचं खारं पाणी पुसलं. "उद्या त्या नर्सला फोन करायचा. मी समोर बसणार. आणि ते 'वाईट नाही' तुझ्या तोंडून ऐकू आलं तर फोन मी घेणार."

"बरं."

"बरं नाही. हो म्हण."

"हो."

ती चाकामागच्या स्टुलावर बसली. बोटांची टोकंही थोडी बधिर होती, पण चाकाला तळवे पुरतात. बाकी काम डोळ्यांचं. वाऱ्याने तोंड फिरवलं होतं. बोटीचं नाक सारखं उथळ खडकाकडे वळत होतं आणि ते धरून ठेवताना तिचे खांदे भरून आले.

रेडिओ खरखरला. "रॉरी, का थांबला होतात?" मॅक्लीन.

"रॉरी मागे आहे. चाकावर मी आहे."

"आज?"

"आज. आमच्या रेषेच्या आत आलायस तू. बाहेर हो."

समोरच्या बोटीचं नाक हळूहळू बाहेर वळलं.

इफीने गियर टाकला आणि मागच्या काचेतून बघितलं. लॉकीने सापळा ढकलला, दोर सुटला. दुसरा गेला. तिसऱ्याला रॉरी पुढे झाला, त्याची नजर पुढच्या सापळ्यावर आणि टाच दोराजवळ, फार जवळ. तिने विचार केला नाही. गियर काढून इंजिन मोकळं केलं. बोट मंदावली.

"आता काय?" रॉरी चिडून ओरडला.

"तुझा पाय!"

त्याने खाली बघितलं. पाय घासत मागे घेतला. मग हात वर करून पुढे चल अशी खूण केली.

तिने गियर टाकला.