लांबलेलं गाऱ्हाणं

आमच्या आबांना बांध नसलेली कुठलीही गोष्ट पटत नसे. कणकवलीच्या वरच्या अंगाला, गडनदीच्या काठी आमची भातशेती. तिथला कोपरा न् कोपरा त्यांनी स्वतः बांध घालून आखलेला. अशा माणसाने १९५७ साली मला तोंडवलीत दिली, एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र अशा वाळूच्या पट्टीवर. तीही मामाच्या शब्दाखातर. लग्न आमच्याच अंगणात लागलं आणि पुढची चार वर्षं आबांनी माझ्या घराकडे फिरकून पाहिलं नाही. विचारलं की म्हणायचे, "लेकीक पोर होयसर तिच्या घरचा पाणी पिवचा नसता."

मूल होईपर्यंतची तशी रीत आमच्यात आहे, खोटं कशाला बोलू. पण आबांचा तो निव्वळ बहाणा होता. ते होडीला भीत होते. आणि मी पडले हट्टी. आबांनी एकदा, फक्त एकदा माझ्या घरापुढच्या खळ्यात उभं राहावं, एवढंच मला हवं होतं. शेजारणींचे बाप उठसूट येऊन जेवून जायचे आणि माझ्या पोटात दुखायचं.

एकसष्ट सालच्या माघात बहाणा संपला. तीन महिन्यांपूर्वी माहेरी मला मुलगी झाली होती आणि आता सासरी परतायचं होतं. माझा नवरा गणपत गलबतावरून कौलं आणायला मंगलोरला गेलेला. पोर पहिल्यांदा बापाच्या घरी जाते तेव्हा आजोळच्या माणसानेच तिला उंबऱ्यावर ठेवायची असते, आणि भाऊ तर मला नव्हताच. आबांनी गड्याला बैलगाडी जुंपायला लावली. निघताना आईला बजावलं, "धक्क्यापर्यंत जातंय. फुडचा लवू बघात."

लवू तारी म्हणजे खाडीवर होडी चालवणारा. बोलायला फटकळ, पण पाण्याचा असा जाणकार की तिथी सांगितली की भरती-ओहोटीची वेळ तोंडावर फेकायचा. आम्ही धक्क्यावर पोचलो तेव्हा तो निघायच्या तयारीत होता. तोंडवलीच्या आमच्याच वाडीतली काशीबाई सुक्या मासळीची रिकामी टोपली घेऊन आधीच आत बसली होती.

आबांनी पोर लवूकडे धरली. लवूने हात मागे घेतले. "पावण्यानू, माझ्या हातात वल्हा आसा. पोराक कसा घेव?"

"आजो आसताना पोर परक्याच्या हातात?" काशीबाई आतून कडाडली. "मगे उंबऱ्यार कोण ठेवतला? मी?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी मुद्दाम खाडीकडे बघत राहिले. पोर परत छातीशी घेत ते म्हणाले, "येतंय. पण आधी गाऱ्हाणा घालतंय."

"घाला, पण आटपा," लवू म्हणाला. "आज तिथी बारस. एक वाजल्यावर मधल्या वाळूर पाणी रवचा नाय."

आबांनी टोपी नीट केली, नारळ हातात धरला आणि देवाला साकडं घालायला सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, बारा पाचाच्या म्हाराजा..." आधी आमचा गाव आला. मग नदीच्या काठाकाठाने खाली येत एकेका गावची देवी, एकेका वाटेवरचा राखणदार आला. मग बैल आले, गाभण म्हैस आली, ह्या साली भातावर पडलेला करपा आला. प्रत्येक वाक्याला आम्ही "व्हय म्हाराजा" म्हणत होतो. गाऱ्हाणं मध्येच तोडायचं नसतं, त्यामुळे लवूसुद्धा हात जोडून उभा, पण डोळे धक्क्याच्या दगडावर. एक ओली पायरी दिसायला लागली, मग दुसरी. लवूच्या "व्हय म्हाराजा"ला हळूहळू धार चढत गेली. मी तर रागाने तोंड उघडणंच बंद केलं. भीती वाटते तर तसं सांगावं, देवांना कशाला कामाला लावावं!

शेवटी नारळ फुटला आणि आम्ही निघालो. आबा होडीच्या मधोमध, डोळे घट्ट मिटून, पोर छातीशी धरून बसले. अर्धी खाडी ओलांडली असेल नसेल, खालून खसखस आवाज आला आणि होडी थांबली.

"बसली!" लवूने वल्हं आपटलं. "सगळ्या देवांची नावा घेतलात, फक्त भरतीचो देव इसारलात! आता रवा हंयच, पाणी येयसर."

आबांचे कान लाल झाले. मला आधी बरं वाटलं आणि लगेच वाईट वाटलं.

पाणी उतरत गेलं. होडी एका कुशीवर कलली आणि आम्हाला खाली उतरावंच लागलं. आधी घोटाभर पाणी होतं, मग ओली वाळू, आणि घटकाभरात आमच्या गावच्या मळ्याएवढी जमीन खाडीच्या मधोमध वर आली. चार वर्षं मी ये-जा करत होते, पण तिथे पाय मी कधी ठेवला नव्हता. वाळूवर लाटांच्या वळ्या जशाच्या तशा राहिलेल्या. हजारो बारीक कुर्ल्या बिळांतून बाहेर येऊन आपापली कामं करू लागल्या. पूर्वेला सह्याद्री निळा उभा, पश्चिमेला खाडीचं मुख आणि त्यापलीकडे समुद्र, ज्याला खरोखरच बांध नव्हता. सगळीकडे शांतता होती; काशीबाई रिकामी टोपली पालथी घालून तिच्यावर बसली.

आबा पोर घेऊन दहा पावलं चालले. वाकून मूठभर वाळू उचलली आणि आपल्या शेतातली माती दाबून बघतात तशी दाबून बघितली.

"हंय सकाळी काय होता?" त्यांनी लवूला विचारलं.

"छातीभर पाणी."

"आणि सांजचा?"

"परत पाणी."

"मगे ही जमीन कोणाची?"

लवूचा राग एव्हाना उतरला होता. "थोडो वेळ आपली. मगे म्हाराजाची."

वाळूच्या कडेने पाणी समुद्राकडे धावत होतं. आबा त्याच्याकडे बघत उकिडवे बसले. "ह्या पाणी खंयचा?"

"खंयचा म्हणजे? गडनदीचा. तुमच्या शेताकडसून येता ताच."

आबांनी बोटं बुडवून जिभेला लावली. खारट लागलं असणार, पण त्यांनी तोंड वाकडं केलं नाही. पेंढ्याची एक काडी वाहत समोरून गेली. तिच्याकडे ते बघत राहिले. उन्हं कलली. काडीसारखंच एक सुकं पान आलं, त्यांच्यापुढे रेंगाळलं, जागच्या जागी एक गिरकी घेतली आणि थांबलं. सगळी खाडीच थांबली. मग ते पान हळूच डोंगराच्या दिशेने निघालं.

आबा ताडकन उठले आणि मला हाक मारली. "जानकी! न्हंय परत चलली गो!"

आयुष्यभर ज्या नदीच्या काठी राहिले ती एकाच दिशेने जाताना त्यांनी पाहिली होती. आता तीच नदी त्यांच्या पायांना लागून मागे फिरली होती. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. मी पोर घ्यायला पुढे झाले, पण त्यांनी दिली नाही.

"रोज जाता?" त्यांनी लवूला विचारलं.

"दिसातसून दोनदा."

आबा माझ्याकडे वळले. "तुका हंय दिलंय त्या दिसापासून मी न्हंयच्या काठार बसान इचार करी. माझा चेडू, माझी लेक, ह्या पाण्यावांगडा व्हावत गेला. आता ता काय परत येवचा नाय."

"येतंय मगे दर वर्साक!" मी चिडून म्हटलं.

"येतंस, पावणी म्हणान," ते म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

चार वर्षं मी त्यांना भित्रा म्हणत होते. भीत ते होतेच, पण पाण्याला नव्हे. मी त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिले आणि पाणी आमच्या घोट्यापर्यंत चढेपर्यंत आम्ही हललो नाही. शेवटी लवूने ओरडून होडीत बसवलं.

दिवस बुडायच्या आत आबांनी माझ्या मुलीला माझ्या उंबऱ्यावर ठेवलं. सासूबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला, तो आबांनी उभ्या उभ्या रिकामा केला. परतायचं होतं दुसऱ्या सकाळी, राहिले आठ दिवस. रोज धक्क्यावर जाऊन बसायचे आणि पाणी फिरलं की घरी येऊन मोठ्याने वर्दी द्यायचे, जणू आम्हाला ते नवीनच होतं.

नवव्या दिवशी निघाले. होडीत सात-आठ माणसं बसलेली. आबांना नारळ घेऊन उभं राहिलेलं बघून सगळ्यांनी कपाळाला हात लावला.

"घाला, पावण्यानू," लवू हसून म्हणाला. "आज पाणी चढता आसा. व्हया तितक्या लांबवा."

आबांनी टोपी नीट केली. एकदा माझ्याकडे, एकदा माझ्या काखेतल्या पोरीकडे बघितलं.

"बा देवा म्हाराजा," ते म्हणाले, "माका हंय परत घेवन ये."

एवढंच. पुढे काही येईल म्हणून सगळे वाट बघत राहिले. मी मात्र थांबले नाही. सगळ्यांच्या आधी, धक्क्यावरून, घसा फुटेस्तोवर ओरडले, "व्हय म्हाराजा!"