जास्तीचा एक तास

हॉस्पिटलवाल्यांना माणसाच्या बेतांचं काही पडलेलं नसतं. वाउटरच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, कानाच्या ऑपरेशनची तारीख ऑक्टोबरमधली होती. मे संपता संपता फोन आला की कुणीतरी रद्द केलंय, येत्या सोमवारी या. वाउटर लगेच हो म्हणाला. माझं काय, हे त्याने विचारलंच नाही.

ऑपरेशननंतर ऐकू येईल, पण पाण्याखाली पुन्हा कधीही जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि वाउटर तीस वर्षं पाण्याखाली जातोय. दर सुट्टीत तो झीलंडच्या खाडीत बुडी मारायचा आणि मी बांधावर बसून त्याचे बूट आणि गाडीची किल्ली राखायची. रात्री जेवताना तो माकूळ नावाचा समुद्री प्राणी रंग कसे बदलतो ते सांगायचा, मी 'हं' म्हणायची. पण शेवटच्या बुडीला मी त्याच्या शेजारी असणार, असं या वर्षी मी ठरवलं होतं. उन्हाळाभर निवांत शिकायचं आणि सप्टेंबरात दोघांनी उतरायचं. तो म्हणाला, "बुडी मारायच्या परवान्याचं कार्ड असेल तर नेईन." मध्यरात्री रिकाम्या रस्त्यावर लाल दिव्याला थांबणारा माणूस हा. कार्डाशिवाय त्याने मला टबातही बुडू दिलं नसतं.

आता सप्टेंबरचा बेत गेला आणि हातात उरला एक शनिवार-रविवार. पोहण्याच्या तलावातले धडे झाले होते, खाडीतल्या चार बुड्या बाकी होत्या. क्राइन नावाच्या शिक्षकाने नाक मुरडत का होईना, मला घेतलं. शनिवारी दोन, रविवारी सकाळी एकामागोमाग दोन, आणि रविवारी संध्याकाळी मी कार्ड घेऊन वाउटरबरोबर, असं ठरलं.

खाडीत कधीही उतरता येत नाही. भरती आणि ओहोटी यांच्या मधे पाणी थोडा वेळ थांबतं, तेवढ्यातच उतरायचं आणि वर यायचं. एरवी ओढ अशी की माणूस थेट पुलाखाली सापडेल. पाणी केव्हा थांबणार याचा तक्ता बांधावरच्या फळ्यावर लावलेला असतो, आणि तो वर्षभर हिवाळी वेळेत असतो. शनिवारी क्राइनने हेच दहादा सांगितलं. उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे असतात, म्हणून त्यात एक तास मिळवा. विसराल तर इथे उभे राहून पाण्याकडे बघत बसाल.

मला हे सांगायची गरज नव्हती. मी आमर्सफोर्टला बस कंपनीत वेळापत्रकं बनवते.

शनिवार कसातरी पार पडला. एकच गोष्ट जमेना. पाण्याखाली गुडघ्यावर बसून मास्क काढायचा, परत लावायचा आणि नाकाने फुंकून आतलं पाणी बाहेर घालवायचं. थंडगार खारं पाणी नाकात गेलं की मी आधी घाबरायची आणि मग संतापायची, आणि संतापलेल्या माणसाला फुंकता येत नाही. क्राइन म्हणाला, उद्या बघू. मग फळ्याकडे नजर टाकून म्हणाला, "उद्या अकराला पाण्यात."

घरी मी बाराचा हिशेब धरला. वाउटर म्हणाला की त्याने तास मिळवूनच सांगितलं असेल. मी म्हटलं, तुला नीट ऐकू आलं नसेल. त्याच्याशी वाद मिटवायचा हा माझा हुकमी उपाय, दोन वर्षांपासूनचा.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. आम्ही बांधावर पोचलो तेव्हा क्राइन सिलिंडर गाडीत चढवत होता. पाणी पुन्हा वाहायला लागलं होतं आणि खांबांभोवती फेस उसळत होता. फोन गाडीत मागे, पिशवीच्या तळाशी. त्याचे सहा कॉल मी तेव्हा पाहिले.

"तुम्ही माझ्या तासात तुमचा तास मिळवलात?" क्राइन म्हणाला.

'मी सांगितलं होतं' असं वाउटरने म्हटलं नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला. मग मी संध्याकाळचं विचारलं. पाच-साडेपाचला पाणी पुन्हा थांबणार होतं. दोन्ही बुड्या नाही जमणार, पण निदान एक, आणि वाउटरला बरोबर घ्या, तो तीस वर्षं बुडी मारतोय. उद्या त्याचं ऑपरेशन आहे.

क्राइनने मान हलवली. "आज आईचा वाढदिवस आहे." वाद तिथेच संपला. आमच्याकडे माणूस स्वतःच्या लग्नाला उशिरा येईल, पण आईच्या वाढदिवसाच्या खुर्चीवरून उठणार नाही.

दुपारभर मी गाडीत बसून स्वतःला शिव्या घातल्या. वाउटर म्हणाला, जाऊ दे, मी संध्याकाळी बांधावरून एकदा पाणी बघेन आणि घरी येईन, माझं काही अडत नाही. ते ऐकून मी गाडीतून उतरले, दुकानातून फुलं घेतली आणि क्राइनच्या आईचं घर विचारत गेले. गाव एवढंसं. पहिल्याच बाईने दार दाखवलं.

आत गोल मांडलेल्या खुर्च्या आणि त्यांत बसलेलं सगळं गोत. वाढदिवसाला घरातल्या प्रत्येकाचं अभिनंदन करायचं, रीत म्हणजे रीत. मी पहिल्या खुर्चीपासून सुरुवात केली. "बहिणीच्या वाढदिवसाचं अभिनंदन. सासूबाईंच्या वाढदिवसाचं अभिनंदन. आजीच्या वाढदिवसाचं अभिनंदन." हात मिळवत मिळवत क्राइनपर्यंत आले. त्याचा चेहरा केकवरच्या क्रीमसारखा पांढरा झाला होता. "आईच्या वाढदिवसाचं अभिनंदन," मी म्हटलं आणि त्याच्या शेजारी बसले.

"ही कोण रे?" म्हातारीने विचारलं.

क्राइनला सांगावंच लागलं. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं, ताटलीतला शेवटचा घास खाल्ला आणि म्हणाली, "केक झाला, अभिनंदन झालं. आता तुझी मावशी तिच्या गुडघ्याची गोष्ट सांगणार, ती तुला पाठ आहे. जा."

"आई, पण..."

"आणि तू, बाई, फुलं पाण्यात घालून मग जा."

बांधावर येईपर्यंत पाणी थांबूनही थोडा वेळ झाला होता. कपडे चढवता चढवता क्राइन चिडून बोलत होता. वेळ फार थोडा आहे. मास्क काढून लावलात तर ही बुडी धरेन, आणि चौथी पुढच्या आठवड्यात करून कार्ड देईन. नाही जमलं तर हीसुद्धा धरणार नाही. वाउटर मागे राहील, मधे येणार नाही. वाउटरने मान डोलावली. त्याला अर्धंच ऐकू गेलं असणार.

खाली हिरवट उजेड होता. तळाच्या वाळूत मी गुडघे टेकले. क्राइनने समोर बसून खूण केली, मास्क काढा.

मी हात मास्कवर ठेवला. क्राइनच्या खांद्यामागे वाउटर तरंगत होता. मी त्याला तीस वर्षांत असं कधी पाहिलं नव्हतं. वर तो खुर्चीतून उठताना कण्हतो, बोलणं कळलं नाही की ओठ आवळतो. इथे तो हातपाय न हलवता नुसता होता, आणि माझ्याकडे बघत होता. मला ठाऊक होतं की मास्क काढला तर मी घाबरणार, मग संतापणार, मग पुन्हा एकदा, आणि तेवढ्यात पाणी सुटणार.

मी बोट हलवलं. नाही.

क्राइनने पुन्हा खूण केली, जरा जोरात. मी वाउटरकडे बोट केलं. क्राइनने घड्याळ पाहिलं, मग मला पाहिलं, मग त्याला. आणि तो मागे सरकला.

वाउटरने माझा हात धरला. पाण्याखाली आम्ही दोघंही सारखेच बहिरे. बांधाच्या भिंतीच्या कडेने त्याने मला नेलं, एका बिळात शेवंड दाखवली, आणि पुढे बुडालेल्या फांद्यांवर काळ्या द्राक्षांसारखी लटकलेली अंडी. त्यांच्यावर एक माकूळ होती. आम्हाला बघून ती पट्टेरी झाली, मग करडी, मग आणखी कसली तरी, त्या रंगाला नाव नाही. वाउटरने माझ्याकडे पाहिलं. 'हं' म्हणायची सोय नव्हती. मी त्याचा हात दाबला, आणि तेवढ्यात गवत एका बाजूला झुकायला लागलं.

बांधावर क्राइन म्हणाला, "धरणार नाही."

"माहीत आहे."

त्याने सिलिंडर खांद्यावरून उतरवला. जरा वेळाने, मघापेक्षा मऊ आवाजात म्हणाला, "दोनच तर राहिल्यात. पुढच्या रविवारी या, करून टाकू. कार्ड मिळेल."

"कुणाबरोबर जाऊ?" मी म्हटलं.

पलीकडे वाउटर पोशाखाच्या पाठीवरच्या चेनशी झटापट करत होता. ती दुसऱ्या कुणीतरी ओढावी लागते. मी गेले आणि ती ओढली.