ज्याचा त्याचा पासवर्ड

सर्व्हरला विश्रांती लागत नाही, हे मी शंभुलिंग अप्पांना आधी समजावून सांगितलं, मग भांडून सांगितलं आणि शेवटी हात जोडून सांगितलं. तरी त्यांनी तो बंद केलाच.

मी शिवलीला. परंड्याकडच्या वाशीच्या एका दूध संघात नेटवर्क सांभाळते. विंडोजचा एक सर्व्हर, त्याला जोडलेले ऑफिसातले, लॅबमधले आणि गेटवरचे कॉम्प्युटर, अधूनमधून रुसणारे प्रिंटर आणि कायम रुसलेली माणसं, असा माझा संसार आहे. अप्पा आमचे मॅनेजर. माझ्या वडिलांच्या वयाचे. संघात त्यांचा शब्द खाली पडत नाही, आणि पडलाच तर तो उचलायला चारजण धावतात.

खंडेनवमीला आमच्याकडे ज्याच्या त्याच्या हत्याराची पूजा होते. टेलर शिलाई मशीन पुसून ठेवतो, ड्रायव्हर गाडीला हार घालतो, आणि एकदा पूजा मांडली की दसऱ्याची पूजा होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. दूध काही नवमी-दशमी बघून येत नाही, म्हणून गेटवरच्या वजनकाट्याला आणि फॅटच्या मशीनला यातून सूट मिळते. सर्व्हरलाही मिळायला हवी होती. मी काही देवाधर्माला न मानणारी नाही. सर्व्हरच्या कपाटाला मीच कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "पूजा करा, आरती करा, पण बटणाला हात लावू नका." मग मी घरी गेले. अप्पांनी त्यांच्याकडच्या चावीनं खोली उघडली, नारळ फोडला आणि भिंतीवरचं बटण दाबून सर्व्हर झोपवला. चालू हत्याराची पूजा करतात का कुठं, असं त्यांचं म्हणणं. दसऱ्याच्या सकाळी पूजा झाल्यावर त्यांनीच तो पुन्हा चालू केला. मला कोणी काही सांगितलं नाही.

मला कळलं ते विरेशच्या फोनवरून. विरेश गेटवर दूध मोजून घेतो. "ताई, लवकर या. कॉम्प्युटर आत घेईना. दूध तटलंय सगळं."

मी स्कूटी काढली. दसऱ्याचं नवं लुगडं नेसून आई दारात उभी होती, तिला नीट बघितलंही नाही, याचा राग वाटेत वाढतच गेला.

गेटसमोर मोटारसायकली, पिकअप, कॅन, कॅनवर ओली पोती आणि त्या सगळ्यावर ऑक्टोबरचं ऊन. ओट्यावर रुद्रम्मा मावशी बसल्या होत्या. पारगावच्या बाजूनं रिक्षानं स्वतः दूध घेऊन येतात. दुसऱ्याच्या हाती कॅन द्यायला त्यांचा जीव होत नाही. पदरानं कॅनला वारा घालत होत्या. त्या पदरानं कॅनला काय होणार, पण हात थांबत नव्हता.

अप्पा खिडकीपाशीच उभे. नवं धोतर, कपाळावर भस्म. मला बघितल्या बघितल्या म्हणाले, "आली का पासवर्डवाली! बघ काय करून ठेवलंस. काढ ते तुझं कुलूप आणि पहिल्यासारखं कर."

पहिल्यासारखं म्हणजे काय, ते सांगते. मी येण्याआधी गेटवरच्या कॉम्प्युटरला सगळ्यांचा मिळून एकच पासवर्ड होता, आणि तो मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला होता. वॉचमनपासून चहावाल्यापर्यंत कोणीही आत जायचं. दुधाचा भाव फॅटवर ठरतो. मशीन फॅट दाखवायचं एक, पावतीवर यायचं दुसरं. कुणाचं उतरायचं, कुणाचं चढायचं. कुणाचं चढायचं हे साऱ्या तालुक्याला माहीत होतं. कोणी चढवलं असं विचारलं की उत्तर एकच, कॉम्प्युटरनं केलं. कारण कॉम्प्युटरमध्ये माणसाचं नावच नव्हतं, नुसतं 'गेट' असं लिहिलेलं असायचं. मी आल्यावर ज्याचं त्याला नाव दिलं, ज्याचा त्याला पासवर्ड दिला. फॅटच्या आकड्याला कोणी हात लावला तर शेजारी त्याचं नाव उमटणार. त्या दिवसापासून आकडा मशीननं ठेवला तिथंच राहायला लागला, आणि मी कुणाला आवडेनाशी झाले. न आवडू दे.

म्हणून अप्पा 'पहिल्यासारखं कर' म्हणाले तेव्हा ते काय मागत होते, हे मला नीट कळत होतं. आणि मी एकदा ते दिलं असतं, तात्पुरतं, आजच्यापुरतं म्हणून, तर ते परत कधी निघालं नसतं. आमच्या ऑफिसात तात्पुरत्या गोष्टींना फार आयुष्य असतं.

"पहिल्यासारखं होणार नाही, अप्पा," मी म्हणाले. "बिघाड काय आहे ते बघते."

"दूध नासायलंय आणि तू बघत बसतीस?"

"हो. न बघताच दुरुस्त करायला मला येत नाही."

विरेश खुर्चीतून उठला. "पासवर्ड चुकतोय म्हणायलंय, ताई," तो म्हणाला. मी त्याला पुन्हा टाकायला लावलं आणि पडद्यावर आलेलं वाचलं. पासवर्डबद्दल तिथं एक अक्षर नव्हतं. या कॉम्प्युटरच्या आणि सर्व्हरच्या तारखेत, वेळेत फरक आहे, असं चक्क लिहिलेलं होतं. पडद्यावरचं कोणी वाचत नाही, सगळे सरळ ओके दाबतात. अर्धी लोकं वाचायला लागली तर माझी नोकरी जाईल, हा भाग वेगळा.

सर्व्हरच्या खोलीत कापराचा वास कोंडलेला. ज्या जाळीतून सर्व्हर श्वास घेतो तिथं कुंकू माखलेलं, वर खोबऱ्याचा तुकडा. मी पडदा चालू केला आणि तारीख बघितली. बाहेर दसरा होता. सर्व्हरच्या मते आपण कितीतरी वर्षं मागं होतो, कुठल्याशा जानेवारीत.

मग सगळं लक्षात आलं. सर्व्हर बंद असला तरी त्याच्यातलं घड्याळ एका नाण्याएवढ्या बॅटरीवर चालू राहतं. ती बॅटरी संपली होती. सर्व्हर कधी बंदच होत नव्हता म्हणून ते कुणाला कळलं नव्हतं, मलाही नाही. अप्पांनी बटण दाबलं आणि घड्याळ मेलं. नवमीच्या संध्याकाळी सर्व्हर बंद असताना गेटचा कॉम्प्युटर स्वतःकडे साठवलेल्या विरेशच्या जुन्या ओळखीवर चालून गेला. आता सर्व्हर जागा झाला आणि भलतीच तारीख सांगायला लागला. विंडोजच्या या व्यवस्थेत दोघांच्या घड्याळात फार फरक पडला की सर्व्हर समोरच्याची ओळख मानत नाही, पासवर्ड कितीही बरोबर असला तरी.

अप्पा माझ्या पाठोपाठ आत आले होते. मी वळले नाही.

"सर्व्हर कोणी बंद केला?"

"म्या केला. दुसरं कोण करणार?" अप्पांचं एक बरं आहे, खोलीच्या आत ते खोटं बोलत नाहीत. "रीत हाय ती. बापजाद्यापासून चालत आलीय."

"मग बाहेर जाऊन सांगा तसं. लोक मला शिव्या द्यायलेत."

"बाहेर म्या एवढंच सांगणार, की तुझं कुलूप तुलाच उघडंना. संचालकांनाबी तेच सांगणार. ज्याचा त्याचा पासवर्ड आजपासून बंद. नोकरी करायची हाय का न्हाय तुला?"

"करायची आहे," मी म्हणाले. "म्हणून तर तारीख नीट करायलेय. जरा सरका, उजेड अडवलाय तुम्ही."

आवाज माझा नीट होता. राग मात्र सगळा कीबोर्डवर निघत होता. तारीख घातली, वेळ घातली, मोबाईलशी ताडून बघितली आणि सर्व्हर पुन्हा सुरू केला. तो उठेपर्यंतचा वेळ काही केल्या कमी होत नाही. बाहेर कोणीतरी पत्र्यावर हात आपटत होतं. अप्पा दारात येरझारा घालत होते आणि मी त्या गोल गोल फिरणाऱ्या ठिपक्यांकडे बघत बसले होते.

सर्व्हर उठला. मी धावत गेटवर आले. विरेशनं नाव टाकलं, पासवर्ड टाकला, आणि आत गेला. खिडकीबाहेर एकच गलका झाला. कॅन सरकायला लागले.

"थांबा, थांबा," विरेश म्हणाला. पडद्यावर पाटी आली होती: सकाळची पाळी संपली, पुढचं दूध घेण्यास मॅनेजरची मंजुरी आवश्यक.

हा नियम माझा नव्हता, संचालकांचा होता. वेळ संपल्यावर आलेलं दूध कुणाच्या तरी जबाबदारीवर घ्यायचं. पूर्वी ही मंजुरीही 'गेट'च द्यायचं. म्हणजे जबाबदारी कॉम्प्युटरच्या टेबलाची.

"विरेश, घे तुझ्या नावावर," अप्पा म्हणाले.

"माझ्या नावावर होत न्हाय, अप्पा."

"मग हिला करू दे. सगळ्या चाव्या हिच्याकडंच हायत."

हे खरं होतं. मी माझं नाव मंजुरी देणाऱ्यांच्या यादीत घालून घेतलं असतं, दूध घेतलं असतं आणि नाव परत काढलं असतं. एवढं सोपं होतं ते. सगळे माझ्याकडे बघायला लागले. कॅनच्या झाकणातून दुधाचा उबट वास यायला लागला होता.

रुद्रम्मा मावशी ओट्यावरून उठल्या आणि खिडकीला येऊन उभ्या राहिल्या. "ए बाई," त्या माझ्यावरच ओरडल्या, "तुझ्या नियमाला काय चाटू म्या? आजून थोडं थांबलं की हे नाल्यात ओतायचं हाय. चावी हाय ना तुझ्याकडं? मग फिरव की!"

बाकी कोणी काहीही बोललं असतं तरी मला चाललं असतं. मावशींचं बोलणं लागलं. ज्यांच्या फॅटसाठी मी सगळ्यांशी वैर घेतलं त्याच मला शिव्या देत होत्या, आणि त्यांचं चुकत नव्हतं. दूध त्यांचं होतं. माझा हात कीबोर्डकडे गेला, हे कबूल करते.

मग मी हात मागं घेतला.

"मावशी," मी म्हणाले, "चावी आहे. आज तुमच्या भल्यासाठी फिरवते. उद्या दुसरं कोणी तुमचं फॅट उतरवायला फिरवेल. मग कोणी केलं म्हणून मला विचारायला येऊ नका, कारण तेव्हा मलाही सांगता येणार नाही. तुम्ही म्हणा, मी आत्ता करते."

मावशींचा पदर अजून हातात होता. त्यांचं फॅट कितीदा उतरलं होतं ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्यांनी माझ्यावरची नजर काढली आणि अप्पांवर रोखली.

"अप्पा, मॅनेजर तुम्हीच ना?"

"व्हय, पण—"

"मग तुमचं नाव टाकायला काय झालं? का तुम्हाला नाव न्हाय?"

मागं कोणीतरी हसलं. मग बरेचजण हसले. अप्पांचं भस्म घामानं ओघळलं होतं. विरेशनं न सांगता खुर्ची रिकामी केली, आणि अप्पा तिच्यात बसले.

त्यांचं नाव मी पहिल्याच आठवड्यात तयार केलं होतं. ते त्यांनी एकदाही वापरलं नव्हतं. मी आत जाऊन त्यांना तात्पुरता पासवर्ड घालून दिला आणि परत येऊन तो मोठ्यानं सांगितला. त्यांनी एका बोटानं तो टाकला. पडदा म्हणाला, आता तुमचा स्वतःचा नवा पासवर्ड टाका.

"काय टाकू?" अप्पांनी हळूच विचारलं.

"ते मला सांगायचं नाही."

"तूच टाक की एखादा. तुझ्या ध्यानात राहील."

"माझ्या ध्यानात कशाला? तो फक्त तुम्हालाच माहीत पाहिजे, अप्पा. दुसऱ्या कुणालाच नाही. तुम्ही केलेलं तुमचं."

त्यांनी बोट उचललं आणि पुन्हा थांबले. खिडकीत माणसं एकमेकांवर रेलून त्यांच्या बोटाकडे बघत होती.

"सगळ्यांनी पाठ फिरवा," मी म्हणाले.

"आँ?" कोणीतरी म्हणालं.

"मॅनेजर पासवर्ड टाकायलेत. बघायचं नसतं. फिरवा पाठ."

आधी विरेश फिरला. मग रुद्रम्मा मावशी फिरल्या, कॅनचा कान हातात धरून. मग मोटारसायकलवाले, पिकअपवाले, वॉचमन, सगळं गेट रस्त्याकडे तोंड करून उभं राहिलं. मीही भिंतीकडे वळले. मागून एकेक बटण दाबल्याचा आवाज येत होता.

"लहान पडतोय म्हणायलंय," अप्पांचा आवाज आला.

"मोठा करा."

पुन्हा बटणं वाजली. यावेळी बराच वेळ. मग मंजुरी मिळाल्याचा टिंग आवाज आला आणि सगळे एकदम वळले. पहिला कॅन मावशींचा घेतला. दूध अजून नासलं नव्हतं. पावतीवर खाली छापून आलं होतं: मंजुरी, शंभुलिंग. मावशींना वाचता येत नाही, त्यांनी विरेशकडून वाचून घेतलं आणि पावती कमरेला खोचली.

अप्पा उठले. धोतर झटकलं आणि माझ्या जवळून जाताना फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "सोमवारपासून परंड्याच्या दूध केंद्रावर जायचं. बदलीचा कागद तयार ठेवतो."

"जाते की," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "तिथंबी गेट हाय, अप्पा."