strtok समोरचा रिकामा रकाना

strlen: मजकुराची लांबी मोजते. सुरक्षित.
strcpy: मजकूर दुसरीकडे उतरवते. ज्याची त्याची जागा वेगळी असेल तर सुरक्षित.
strtok:

इथं तीन दिवस अडलेय. बारामतीच्या ऑफिसात माझं काम एवढंच: आमच्या लायब्ररीतलं, म्हणजे तयार प्रोग्रॅमच्या संचातलं, कुठलं फंक्शन दोन थ्रेडनी, म्हणजे एकाच वेळी चाललेल्या दोन कामांनी, वापरलं तर चालतं, ते मॅन्युअलात लिहायचं. आधी कुणी लिहिलं नव्हतं.

strtok: ओळीचे तुकडे करते. कुठवर आलो, ते एकाच जागी लक्षात ठेवते. मध्येच दुसरं काम आलं की

की काय, ते मला माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी इंदापूरच्या एका लॅबला मी प्रोग्रॅम लिहून दिला. दोन मशीन, दोन थ्रेड, दोघांत strtok. चाचणी मात्र एकाच मशीनवर घेतली. गेल्या आठवड्यात जुन्या नोंदी तपासल्या. हजारोंत एकच चूक. सोनबा तात्या, माझे चुलते. मशीनवर साखर ३८२, रिपोर्टावर ९८. ती दुसऱ्याच पेशंटची. त्याचा रकाना रिकामा आला, म्हणून त्याचं रक्त पुन्हा तपासलं.

तात्यांनी रिपोर्ट बघून साखरेच्या गोळ्या सोडल्या. पायाची जखम चिघळली. चैत्रात गेले.

लॅबवाल्या दीपकला फोन केला.

"मनिषा, आता सांगून तात्या उठून बसणार हायेत का?"

"काकू स्वतःलाच बोल लावते, मीच गोडधोड घालून मारलं म्हणते."

"म्हणंल चार दिस. तू गप ऱ्हा."

रविवारी बावड्याला, काकूकडं गेले. तानूबाई काकू शेळीला पाला टाकत होती. तिच्या माहेरी मेंढरं होती. मोजताना दर मेंढरामागं एक खडा ओच्यात टाकायचा.

"काकू, दोघींनी एकाच ओच्यात खडे टाकले तर?"

"कुणाचाच कळप जुळायचा न्हाय. आई थोबाडीत द्यायची."

"तात्यांच्या रिपोर्टाचं तसंच झालं. दुसऱ्याचा खडा त्यांच्यात पडला. साखर लई व्हती, कागदावर कमी आली."

तिचा हात थांबला. "म्हंजी, माझ्या शिऱ्यानं न्हाय?"

"न्हाय."

"आन दोघींला एकच ओचा दिला कुणी?"

"मी."

तिनं उरलेला पाला शेळीपुढं टाकला, सगळा. मग आत गेली आणि कडी लावली.

strtok: सुरक्षित नाही. उदाहरण: सोनबा, ३८२, ९८.

साहेब म्हणाले, उदाहरणात खरं नाव नको. नाव काढलं. आकडे ठेवले.